दुर्बीण बसवली तो हंगाम

दिवाळीच्या पणत्या आवरून झाल्या की सौंसरला संत्र्याचा वास सुटतो. बसस्टँडपासून बाजारापर्यंत सालं पडलेली, ट्रकमध्ये क्रेट चढत असतात, नागपूरच्या बसमध्ये ज्याच्या त्याच्या मांडीवर पिशवी. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, काय नशीबवान लोक हो तुम्ही! मी मान डोलावतो. खरं सांगायचं तर हा हंगाम मला नकोसा होतो. बायको म्हणते, "संत्र्याच्या दिवसात तुमचं डोकं फिरते." फिरतंच. सकाळची धुई, म्हणजे धुकं, वर्कशॉपच्या शटरपाशी येऊन थांबली की माझे कान तिगावच्या दिशेला लागतात. इतक्या लांबून काही ऐकू येणार नाही, हे मला कळतं. कानांना कोण सांगणार?

माझा धंदा लेथचा. मोटारपंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश, उसाच्या चरकाची दातेरी चाकं. तीस वर्षं लोखंड तासतो आहे. गजूभाऊला डोळ्यानंच माप कळतं, असा माझा गावात लौकिक होता आणि मला त्याचा भारी माज होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी माझी कीव करायला नको. खिशात माप घ्यायचा व्हर्नियर असायचा, पण गिऱ्हाईकासमोर तो काढायची मला लाज वाटायची. नुसतं पाहून "बावीस एमएम" म्हणायचं, मग त्यानं मोजायचं आणि "वा गजूभाऊ!" म्हणायचं. या वा-वानं माणूस पार बिघडतो बघा.

थोरल्या बहिणीचं घर तिगावला. भाऊजींची संत्र्याची बाग, बागेला लागून मक्याचा तुकडा आणि मक्याच्या शेवटी धुरा, म्हणजे दोन वावरांमधला मातीचा उंच बांध. धुऱ्यापलीकडे सुखदेवचं दोन एकर. सुखदेव माझा आयटीआयचा सोबती. पांढुर्ण्याला आम्ही एकाच व्हाइसवर लोखंड कानशीत बसायचो. त्याचा हात माझ्याहून सरस होता, पण बाप गेला आणि तो शेतीत परतला. मका, कपाशी, थोडा हरभरा. धुऱ्याच्या या बाजूला माझी बहीण आणि त्या बाजूला माझा दोस्त, असं ते शिवार. म्हणून त्या वर्षी काय झालं ते मला विसरता येत नाही.

चार वर्षं झाली असतील. त्या साली डुकरांनी नुसता उच्छाद मांडला होता. रानडुकराचं येणं आधी नाकाला कळतं. ओल्या मातीत काहीतरी आंबल्यासारखा तो वास, मग मक्याच्या ताटांची कडकड, आणि पुढं सगळं चूप. सकाळी जाऊन पाहावं तर ओळीच्या ओळी आडव्या, संत्र्याच्या कोवळ्या झाडांची मुळं उघडी पडलेली. ताईचा फोन आला, "गजू, वावरात पाय टाकाची हिंमत होत नाई रे. काल कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर धावून गेलं." लोकांनी कुंपणाला जुन्या साड्या बांधल्या, फटाके फोडले, डबे बडवले. दोन दिवस डुकरं बिचकली. तिसऱ्या दिवशी साड्यांच्या खालून आली.

भाऊजींकडे वडिलांपासूनची बंदूक होती, पीक राखायच्या लायसनवरची. डुकरासाठीचा परवानगीचा कागद ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीच्या खिशात ठेवायचे. माणूस फार जपणारा. मचाणावर चढले की आधी हाळी द्यायचे, "कोन कुठी हाय होऽऽ?" मग चारी बाजूंनी उत्तरं यायची. "मी विहिरीपाशी होऽऽ!" "आमी दोघं कपाशीतऽऽ!" सुखदेवचा आवाज सगळ्यात शेवटी, खोकत खोकत, "झोपडीतच हाव भाऊ, मेलो नाई अजून!" सगळ्यांच्या जागा कळल्याशिवाय बंदुकीत गोळी भरायची नाही, असा त्या शिवाराचा रिवाज. आणि गोळी मारायची ती मचाणावरून खाली, जमिनीकडं तोंड करून. हाळीनं अर्ध्या वेळेस डुकरं पळून जायची. मी चेष्टा करायचो, "भाऊजी, तुम्ही डुकराले निमंत्रण देता का निरोप?" ते नुसते हसायचे.

मग त्यांची नजर अधू झाली. बंदुकीच्या नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावर नेम धरतात, ती त्यांना दिसेना. कोणीतरी सांगितलं, दुर्बीण लावा. दुर्बीण घरी येऊन पडली, लायसनवाल्या दुकानदारानं बंदुकीच्या पाठीवर पट्टीही बसवून दिली. राहिल्या त्या रिंगा. दुर्बीण पट्टीवर धरून ठेवणाऱ्या दोन कड्या. एवढ्याशा वस्तू. त्या घ्यायला भाऊजी नागपूरला निघाले आणि मला सोबत घेतलं, कारण मी जाणकार!

दुकानदारानं काचेवर जोड्या मांडल्या. बुटक्या, मध्यम, उंच. मी लगेच मास्तर झालो. "बुटक्या घ्या भाऊजी. उंच घेतल्या तर गाल बंदुकीच्या दांड्यावरून उचलावा लागते, मग दर वेळेस डोकं वेगळ्या जागी. बुटकी घेतली का गाल टेकला की डोळा बरोब्बर भिंगामागं." दुकानदार म्हणाला, बरोबर बोलताय. झालं, माझी छाती फुगली. मग त्यानं विचारलं, "दुर्बिणीची नळी किती जाडीची आहे?"

दुर्बीण तिगावला. मी ती एकदाच हातात घेतलेली.

"तीस एमएम," मी म्हणालो.

"मोजली होती का?"

"अहो, माझा धंदाच आहे तो."

भाऊजींनी कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. परतीच्या वाटेवर सौंसरच्या फाट्यावर त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "तू होता म्हणून बरं झालं गजू, मले यातलं काई समजत नाई." त्या चहाची चव अजून तोंडात येते आणि माझं तोंड कडू होतं.

नळी एक इंचाची होती. म्हणजे पंचवीस आणि वर थोडी.

तिगावला ओसरीत बंदूक चटईवर ठेवली, गोळ्या आत कपाटात, बंदूक रिकामी. मी रिंगा पट्टीवर चढवल्या, दुर्बीण ठेवली आणि ती आत खुळखुळली. समोर ताई चहाचा कप घेऊन, शेजारी भाऊजी, दोघंही माझ्या हाताकडं पाहत होते. खरा उपाय मला तिथल्या तिथं माहीत होता. रिंगा बदलून आणायच्या, नाहीतर लेथवर अॅल्युमिनियमचा बुश, म्हणजे फट भरणारी बारीक नळी, काढायचा, अर्ध्या तासाचं काम. पण त्यासाठी तोंडानं म्हणावं लागलं असतं की माप चुकलं. ते काही माझ्यानं झालं नाही. भिंतीला पंक्चर झालेली सायकल टेकून होती. तिची जुनी ट्यूब कापली, दोन पट्ट्या काढल्या, रिंगांत घातल्या आणि स्क्रू आवळले. गच्च बसली.

"रबर लावाचं असते का?" भाऊजींनी विचारलं.

"चांगलं असते. धक्का खाते."

लोखंडात हयात गेलेला माणूस मी. रबर धक्का खातं म्हणजे दर धक्क्याला थोडं दबतं, हे मला माहीत नसेल? पुढल्या आठवड्यात बुश करून आणू, असं मनाशी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं नाही.

मग दुर्बिणीतली उभी रेघ सरळ करायची होती. ती तिरपी राहिली तर लांबचा नेम बाजूला जातो. बागेत जाऊन संत्र्याच्या फांदीला गवंड्याचा ओळंबा टांगला, बंदूक पोत्यांवर टेकवली आणि भिंगाला डोळा लावून दोरी आणि रेघ जुळवत बसलो. दुपार टळलेली, पानांतून पिवळं ऊन, हाताला सालीचा तेलकट वास. रेघ जुळत आली आणि दोरीच्या मागं, लांब धुऱ्यापाशी, सुखदेव त्या गोल काचेत चालत आला. खांद्यावर बांबू, काखेत हिरवी जाळी. नुसत्या डोळ्यानं तो मला ठिपक्याएवढाच दिसत होता. काचेत त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. तो थांबला, बांबू खाली ठेवला, कमरेवर हात देऊन थेट माझ्याकडं पाहिलं. त्याला मी दिसलो नसणार. काळी रेघ त्याच्या नाकावरून खाली छातीपर्यंत गेलेली. बंदूक रिकामी होती, तरी मी डोळा काढून घेतला.

त्या वेळी मला वाटलं काय, तर किती साफ दिसतंय! एवढंच. तो बांबू आणि जाळी घेऊन धुऱ्याकडं का चालला आहे, हे मनातसुद्धा आलं नाही. भाऊजींना मी म्हणालो, "मस्त आहे हो, माणसाचा घाम दिसते." सुखदेवला पाहिलं, हे सांगितलं नाही. आता सकाळी दाढी करताना आरशात पाहतो तेव्हा कधी कधी ती रेघ मला माझ्याच नाकावर दिसते. वस्तरा बाजूला ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या मातीच्या ढिगात पुठ्ठा रोवून नेम लावला. पहिल्या दोन गोळ्या जवळजवळ एकाच भोकात. तिसरी चार बोटं वर. मला कळलं. पुढच्या रिंगेतलं रबर दबलं, दुर्बिणीचं तोंड खाली झुकलं, म्हणजे नेम बरोबर दिसणार आणि बंदुकीची नळी मात्र वर बघणार. मला त्याच क्षणी कळलं, आणि मी काय बोललो? "भाऊजी, धक्क्यानं हात हलला तुमचा."

"असंन," ते म्हणाले. बिचारे खजील झाले.

परत येताना त्यांनी विचारलं, "आता सकाळी हाळी द्याची का? लांबूनच माराचं आहे, मचाणावर तं चढाचं नाई."

"कायची हाळी! सारं दिसते न दुर्बिणीत. हाळी देसान तर डुकरं पांढुर्ण्याला पोचतीन."

भाऊजी पुढं चालत राहिले. पायाखाली कपाशीची वाळलेली पानं चुरत होती, कुठंतरी मालगाडी घरघरत होती. मग म्हणाले, "तू म्हणतो तं राहू दे."

ती पहाट. झाडांच्या ओळीतून धुई हळूहळू हलत होती. दोन झाडं दिसायची, मग तीच दोन नाहीशी व्हायची. आम्ही बागेच्या कडेला जमिनीवर बसलो, बंदूक संत्र्याच्या क्रेटवर टेकवलेली. पानांवरून थेंब मानेवर पडत होते. रोज या वेळेला लांबच्या जुन्या झोपडीतून सुखदेवचा खोकला यायचा. त्या दिवशी आला नाही. मी मनात म्हटलं, झोपला असेल. मग तो आंबूस वास आला. धुईला एक फट पडली आणि मक्याच्या शेवटी, धुऱ्याच्या पायथ्याशी, काळं धूड खाली मान घालून उकरताना दिसलं.

भाऊजींनी गाल टेकवला. पण बार केला नाही. आधी माझ्या कानाशी पुटपुटले, "मागं धुरा आहे न? मातीच आहे न?" इतका जपणारा माणूस!

"मातीच आहे. मारा."

बार झाला. डुक्कर उडालं आणि पळालं, साफ. आणि धुऱ्याच्या पलीकडून एक आवाज आला. ढप्प. मातीत गोळी शिरल्याचा आवाज असा नसतो. तो पोकळ होता, कशाला तरी भोक पडल्याचा. बारानं उठलेले कावळे शांत झाले, मग कुठलाच आवाज नाही. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, मला तो बांबू आठवला. डुकरं धुऱ्याच्या बाजूनं घुसत होती, म्हणून सुखदेवनं लांबची झोपडी सोडली होती. त्यानं धुऱ्याला लागून नवं छप्पर घातलं होतं. मी स्वतः माझ्या डोळ्यानं त्याला सामान नेताना पाहिलं होतं.

"सुखदेवऽऽ!" मी ओरडलो. "सुखदेवऽऽ! कुठी आहे बेऽऽ?"

काही नाही.

मक्याची ओली पानं तोंडावर फटके मारत होती आणि मी पळत होतो, हाका मारत होतो. मागं भाऊजी धापा टाकत येत होते. हाक मारायची, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा पळायचं. आई मेली तेव्हासुद्धा मी असा रडलो नव्हतो. धुऱ्यावर चढलो. पलीकडं, माथ्याला लागूनच, हिरव्या जाळीचं छप्पर, आणि छपरात सुखदेव भिंतीसारखा ताठ बसलेला, अंगावर घोंगडी. घोंगडी छातीपासून खाली काळी पडलेली, ओलीचिंब, आणि त्या ओलीचा ओघळ उतारावरून खाली चालला होता.  मी तिथंच बसलो.

ते पाणी होतं. त्याच्या खांद्याशेजारच्या निळ्या ड्रमला आरपार भोक पडलं होतं. भोक आणि त्याचं डोकं यांच्यात एक वीत अंतर. फक्त एक वीत.

"आयकून राहिलो होतो तुया आवाज," सुखदेव म्हणाला. ओठ पांढरे पडलेले.

"मग बोलला काहून नाई बे? जीव गेला न माझा!"

"आधी सोताले चाचपून पाह्यलं. मंग मनलं, बोंबलू दे आता याले. हाळी बाराच्या आधी देत असते, गजू."

भाऊजी धुऱ्यावर उभे होते. त्यांनी बंदूक उघडली, उरलेल्या गोळ्या मातीत काढून टाकल्या आणि वयानं लहान असलेल्या सुखदेवपुढं हात जोडले.  सुखदेवनं त्यांच्याकडं पाहिलं, मग बंदुकीवरच्या दुर्बिणीकडं. "कोनं बसवली हे?"

भाऊजींनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. फक्त क्षणभर.

"म्याच बसवली," ते म्हणाले. "घरी. मले जमली नाई."

मी तिथंच होतो. तोंड होतं मला. ते काही उघडलं नाही.

सुखदेवनं तक्रार केली नाही. भाऊजींनी त्याच आठवड्यात दुर्बीण काढून टाकली आणि पुन्हा बंदुकीला हात लावला नाही. मका डुकरांनी खाल्ला तर खाऊ दिला. त्या दिवसाविषयी ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, ताईलाही त्यांनी सांगितलं नाही. भाऊबीजेला जातो तेव्हा पूर्वीसारखंच "ये गजू, बस" म्हणतात. कधी तरी मला चार शिव्या द्याव्यात, असं मला फार वाटतं. देत नाहीत ते.

आणि सुखदेव? सुखदेव माझ्या वर्कशॉपला येत राहिला. पंपाचा शाफ्ट घेऊन, फवारणीच्या मशीनचा वॉल्व्ह घेऊन. स्टुलावर बसतो, चहा पितो, आणि दर हिवाळ्यात एकदा तरी म्हणतो, "तुये भाऊजी देवमानूस, पन हातात कला नाई त्याइच्या. तुयाकडून बसवून घेतली असती तं माया ड्रम फुटला नसता." आणि हसतो. मी लेथ सुरू करतो, म्हणजे बोलायला नको. त्या घरघरीत चार वर्षं निघाली. कामं बरी होतात, गिऱ्हाइकं येतात. आता मी प्रत्येक वस्तू तीनदा मोजतो. लोक म्हणतात, गजूभाऊचे डोळे गेले.

यंदाचा हंगाम आला. परवा गुरुवारी सुखदेव आला, तर हातात पंपाचं काही नव्हतं. त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली नवी दुर्बीण काढली, शेजारी रिंगांची जोडी ठेवली.

"लायसन झालं माया," तो म्हणाला. "लई चकरा मारल्या. दुसऱ्याच्या हाती बंदूक असली का मले झोप येत नाई, मनलं आपलीच घ्यावं. रविवारी तिगावले येऊन बसवून दे. तुयाशिवाय कोनावर भरोसा नाई मले."

मी नळी मोजली. रिंग मोजली. पुन्हा मोजली. दोन्ही बरोबर होती, सांगायला काही निमित्त नव्हतं. आणि मग न विचारता तोंड उघडलं.

"ते मी बसवली होती, सुखदेव. नळी मी मोजली नव्हती. रबर मी घातलं. हाळी देऊ नका असं मीच म्हटलं. आणि दोन दिवस आधी तुले मी दुर्बिणीतून पाहिलं होतं, बांबू घेऊन धुऱ्याकडं जाताना."

लेथ चालू होता. त्यानंच हात लांब करून बटण बंद केलं. चाक फिरत फिरत थांबेपर्यंत त्यानं हात बटणावरच ठेवला.

"बांबू नेतानी पाह्यलं होतं मले?"

"हो."

"आन् सांगतलं नाई."

"नाही."

त्याचा चेहरा मी त्या पहाटे पाहिला होता, तेव्हाही असा झाला नव्हता. बाकी सगळं त्यानं माफ केलं असतं, मला समजलं. त्यानं दुर्बीण फडक्यात गुंडाळली, रिंगा पिशवीत टाकल्या. मला वाटलं, संपलं, पस्तीस वर्षांची दोस्ती गेली. दारापर्यंत गेला आणि वळला.

"रविवारी ये," तो म्हणाला.

"तरी मीच बसवू?"

"तूच बसव. मंग नेम मी लावतो, भाऊजीच्या बागेतून, त्याच जागेवरून. आन् तू धुऱ्याच्या तिकडं बसजो. मी बसलो होतो तिथंच."

हसतोय का, ते मी नीट पाहिलं. हसत नव्हता.

"येतो," मी म्हणालो.

आज शनिवार. सकाळपासून जामसांवलीच्या देवळाला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली आहे, रस्त्यावर नारळ, फुलं, संत्र्याची सालं. मी शटर अर्धं ओढून बसलो आहे. हत्यारं पिशवीत भरून झाली. बायकोनं विचारलं, उद्या काय आहे तिगावले? म्हटलं, काही नाही, ताईकडे जाऊन येतो. ती म्हणाली, बरं, मग दुपारी जेवाले घरी येता न?

मी पिशवी उघडली आणि व्हर्नियर आत आहे ना, ते पुन्हा एकदा पाहिलं.